थर्मोस्टॅट काढून टाकू नका! काळे प्लग, थंड इंजिन आणि घरी केलेलं काम (छोटा पेट्रोल ट्रक, गोव्यातलं साखळी)

साखळीचा_भाजीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण गेल्या आठवड्यात जे काम केलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

आमचा छोटा ट्रक आहे, पेट्रोल, १२०० सीसी, चार सिलिंडर, इंजिन सीटखाली, बीएस ६. आठवड्याला चार फेऱ्या, साखळी-केरी-चोर्ला-बेळगाव, जाताना रिकामी क्रेट आणि येताना भाजी. ९२ हजार किलोमीटर झालेत. जूनमध्ये पाऊस लागला तसं तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या. पहिली म्हणजे टेंपरेचरचा काटा, पूर्वी केरी सोडेपर्यंत मध्यावर यायचा आणि तिथेच बसायचा, आता अर्धा घाट चढला तरी खाली आणि येताना उतार लागला की परत घसरून जवळजवळ सी (थंड) खुणेपर्यंत. दुसरी, ॲव्हरेज १५ वरून १३ वर. तिसरी, पहाटे गाडी चालू केली की दोन-तीन मिनिटं थरथर, आणि एक दिवस जांबोटीजवळ चेक इंजिनची लाईट लागली.

गॅरेजात दाखवलं. फिटर अनुभवी माणूस, माझ्या वडिलांच्या ओळखीचा, त्याने काटा बघितला आणि म्हणाला थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकलाय, काढून टाकूया, गोव्यात बर्फ थोडाच पडतो, आणि चार प्लग नवे घालूया. निदान त्याने बरोबर केलं होतं हे मी आधीच सांगतो. पण "काढून टाकूया" हे मला पटलं नाही. उघडा अडकल्यामुळेच जर हे सगळं होतंय तर तो काढून टाकणं म्हणजे तीच अवस्था कायमची करणं, नाही का? तिथून घरी आलो आणि ठरवलं की स्वतः बघायचं.

आधी गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा एक ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ स्कॅनर घेतला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, मोबाईलवर ॲप. दोन कोड निघाले, पी०१२८ आणि पी०३०३. पहिल्याचा अर्थ कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान थर्मोस्टॅटने जिथे ठेवायला हवं त्याच्या खाली राहतंय, दुसऱ्याचा अर्थ तीन नंबरच्या सिलिंडरात मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. मग भाच्याला बाजूला बसवून घाटातून एक फेरी मारली आणि त्याला दर पाच मिनिटांनी आकडा लिहायला सांगितला. चढावर ७४, माथ्यावर सपाटीला ६८, परत उतरताना पावसात ५७. चालू पाऊस, इंजिन ब्रेकिंगवर गाडी, पेट्रोल जळतच नाही त्यामुळे उष्णता नाही आणि रेडिएटरमधून पाणी मात्र सतत फिरतंय, मग दुसरं काय होणार.

रविवारी पडवीत गाडी लावली आणि प्लग काढले. चारही काळे, कोरडी काजळी, बोटाला लागते तशी, चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखी. तीन नंबरचा सगळ्यात वाईट, त्याचा गॅप (ठिणगी पडते ती फट) पण वाढलेला, तारेच्या गेजने मोजला तर १.४ मिमीच्या वर, पुस्तकात १.० ते १.१ दिलाय. हे प्लग कधी बदलले होते ते घरात कुणालाच आठवत नाही.

मला जे समजलं ते असं. प्लगचं टोक साधारण ४५० डिग्रीच्या वर गेलं की त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते, त्याच्या खाली राहिलं की साठत जाते. इंजिन थंड आहे असं ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, पूर्वी आपण चोक ओढायचो तसंच. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा राहिला की एकीकडे पेट्रोल जास्त आणि दुसरीकडे प्लग थंड. म्हणून सांगतो, नुसते प्लग बदलून मी मोकळा झालो असतो तर नवे प्लगही काही महिन्यांत तसेच काळे झाले असते. दोन्ही कामं एकत्र केली.

काम कसं केलं ते खाली लिहितो, लांबलचक आहे, पण चुका जिथे होतात तिथे थांबून लिहितोय.

प्लग आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी गाडी. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे जायची भीती. सीट उचलली, बॅटरीची निगेटिव्ह काढली. आमच्याकडे रस्त्याची लाल माती सगळीकडे, प्लगच्या विहिरीत चमचाभर तरी होती, कॉइल (प्रत्येक प्लगवर बसलेली, त्याला वीज देणारी) काढायच्या आधी ब्रशने आणि काढल्यावर सायकलच्या पंपाने फुंकून साफ केली, नाहीतर प्लग निघताक्षणी ती माती थेट सिलिंडरात. कॉइलचं कनेक्टर दाबून काढायचं, ओढायचं नाही, त्याचं जुनं प्लास्टिकचं लॉक पटकन तुटतं. दहाचा बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर. मग १६ चा प्लग पाना, आत रबर असलेला, आणि लांब एक्स्टेंशन. एकेक प्लग काढला तसा पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून त्याच्या समोर ठेवला, हे जरूर करा, कुठल्या सिलिंडरात काय चाललंय ते नंतर वाचता येतं.

नवा प्लग बसवताना मी रॅचेट हातात घेतलंच नाही. पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा घेतला, प्लगच्या वरच्या टोकावर चढवला आणि बोटांनी फिरवला. तिरका लागत असेल तर रबर घसरतं, आट्यांवर जोर पडत नाही. सगळे आटे हाताने आत गेले की मगच पाना. माझ्याकडे टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) होता तो शेजारच्या गावातल्या मित्राचा. नसेल तर नव्या वायसरवाल्या १४ मिमीच्या प्लगला, वायसर टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. त्याच्या पुढे हात आवरा.

थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी. रेडिएटरचा खालचा होज काढून कूलंट स्वच्छ बादलीत घेतलं आणि मोजलं, साडेतीन लिटर. मोजणं महत्त्वाचं, परत भरताना तेवढंच आत गेलं पाहिजे, कमी गेलं तर कुठेतरी हवा अडकली आहे. थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगचे (वरच्या झाकणाचे) दोन बोल्ट, दहाचेच. एक सहज आला, दुसऱ्याने जीव खाल्ला, त्याच्यावर आदल्या रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं म्हणून वाचलो. आत बघितलं तर थर्मोस्टॅट थंड असूनही तीन-चार मिलिमीटर उघडा, मधोमध गंजाचा चिखल आणि स्प्रिंग एका बाजूला कललेली.

हा गंज कुठून आला ते पण सांगतो. घाटात पाणी कमी झालं की आमचा जुना ड्रायव्हर वाटेतल्या झऱ्याचं पाणी घालायचा, आणि घरी आम्ही विहिरीचं. पाणी प्यायला अमृत आहे पण त्यातले क्षार, लोह सगळं इंजिनात जाऊन बसतं.

नवा थर्मोस्टॅट आणला, त्याच्यावर ८२ असा आकडा छापलेला आहे. बसवायच्या आधी जुना आणि नवा दोन्ही दोऱ्याला बांधून टोपातल्या पाण्यात सोडले, बुडाला टेकू दिले नाहीत, आणि थर्मामीटर लावून गॅस पेटवला. नवा ८२ ला हलायला लागला, ९५ पर्यंत पूर्ण उघडला, गॅस बंद केल्यावर परत मिटला. जुना पहिल्यापासून शेवटपर्यंत जसा होता तसाच. आतमध्ये पितळेच्या डबीत मेण असतं, ते वितळलं की फुगतं आणि दांडा ढकलतं, थंड झालं की स्प्रिंग परत मिटवते, एवढंच त्याचं यंत्र.

बसवताना मेणाची डबी आणि मोठी स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला. कडेला एक छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असते ती सगळ्यात वर, बारा वाजल्याच्या जागी, तिथून हवा निघते. रबरी रिंग नवी. वर गॅस्केट पेस्ट लावायची नाही, रबर असताना गरज नसते आणि जास्तीची पेस्ट सुटून आत फिरत राहते. बोल्ट एम६ चे, १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

फोटो उद्या टाकतो. आता तुम्ही सांगा कुठे चुकलं असेल तर.

टिप्परवाले_काका

बाळा, मन लावून लिहिलंयस. पण एक गोष्ट माझ्या अनुभवाची. मी २००५ पासून खाण बंद होईपर्यंत टिप्पर चालवला, डिचोली-साखळी भागातून आमोण्याच्या जेटीपर्यंत खनिज, दिवसाला किती खेपा ते विचारू नको. आमच्यातल्या निम्म्या गाड्यांना थर्मोस्टॅट नव्हता. काढून टाकायचे सगळेच. मे महिन्यात भरलेली गाडी चढावर गरम झाली की रांग अडते, मागचे शंभर जण हॉर्न मारतात, त्यापेक्षा थंड चाललेलं बरं असं आमचं गणित. आणि इंजिनं चालली की वर्षानुवर्षं.

आणि नवीन मुलांसाठी, डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतो, तिथे हवा दाबूनच एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं. काहींना ग्लो प्लग असतो तो फक्त थंडीत चालू करायला. त्यामुळे वरचं प्लगचं प्रकरण पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी.

साखळीचा_भाजीवाला

काका, तुमचं वाचून बरं वाटलं, माझे मामापण त्याच लायनीत होते, २०१२ ला बंद झालं तेव्हा आणि परत २०१८ ला. तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हणणारच नाही. पण त्या इंजिनांना ईसीयू नव्हता ना? थंड आहे म्हणून जास्त इंधन सोडायचा प्रश्नच नव्हता. माझ्या गाडीत सेन्सर प्रत्येक सेकंदाला बघत बसलेला आहे.

निवृत्त_निदेशक

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवलं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो, कारण हा गैरसमज फार जुना आहे आणि त्याने खरोखर इंजिनं खराब होतात.

थर्मोस्टॅट फक्त थंड देशासाठी असतो ही समजूत चुकीची. इंजिनाच्या आतल्या सगळ्या फटी, पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा, हे सगळं ठराविक तापमान धरून ठरवलेलं असतं. इंजिन कायम ६० वर चाललं तर जळताना तयार होणारी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि तिथून उडून जात नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा, आतून पिवळसर लोण्यासारखा थर दिसेल. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे जास्त. सिलिंडरची झीजही थंड इंजिनातच जास्त होते.

आता काकांसाठी महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची बाजू उघडली की ती खालची बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. असा थर्मोस्टॅट काढून टाकला तर बायपास कायम उघडा. पाणी सोपी वाट धरतं, बरंचसं रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं, आणि भरलेल्या गाडीने मे महिन्यात घाट चढला की थंड राहायचं सोडून इंजिन उलट तापतं. गरम होऊ नये म्हणून काढला आणि त्यानेच गरम झालं, अशा गाड्या मी डोळ्यांनी बघितल्यात. ज्यांना बायपास वेगळ्या रचनेचा होता त्यांचं निभावलं.

भाजीवाले, तुमचं काम चोख आहे. एकच सावधगिरी, काळे प्लग म्हणजे थर्मोस्टॅटच असं सरसकट धरू नका. एअर फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर गळका, ऑक्सिजन सेन्सर गेलेला, यानेही प्लग काळेच होतात. तुमच्याकडे तापमानाचे आकडे होते म्हणून निदान पक्कं झालं. काजळी कोरडी असेल तर इंधन जास्त, ओली आणि तेलकट चमकत असेल तर ऑइल वर येतंय, टोक पांढरं पडून फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन तापतंय किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा.

हीट रेंजबद्दल (प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो ते), दुकानदार म्हणतो "हाच चालतो" म्हणून घेऊ नका. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. कंपनी बदलली की नंबर जुळवून घ्यावाच लागतो. आणि नंबरमधला आर म्हणजे रेझिस्टर, तो नसलेला प्लग बीएस ६ गाडीत घालू नका, ठिणगीचा गोंगाट सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरतो.

वास्कोचा_खारवी

आमच्या बाजूला बोल्ट हाच खरा शत्रू. माझी गाडी रोज जेटीवर, मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळतं आणि वरून समुद्राचं वारं. दोन वर्षांपूर्वी मीपण थर्मोस्टॅट बदलायला घेतला आणि हाऊसिंगचा बोल्ट मुळातून तुटला, मग हाऊसिंग काढून लेथवाल्याकडे, दोन दिवस गाडी बंद आणि मासळी दुसऱ्याच्या गाडीतून. तेव्हापासून माझी पद्धत अशी, तेल आदल्या दिवशी सकाळी, दुपारी, रात्री तीन वेळा मारायचं, पाना बारा कोनी घ्यायचा नाही, सहा कोनी सॉकेटच, तो डोकं गोल करत नाही, आणि सोडवायच्या आधी किंचित आवळायचा, कट् असा आवाज आला की मग सोडवायचा, थोडा सोडवला की परत थोडा आत, परत बाहेर, घाई केली की तुटलाच. नवा बोल्ट बसवताना आट्याला जरा ग्रीस.

प्लगच्या आट्यालापण ग्रीस लावावं काय? कोण लावा म्हणतो, कोण नको.

निवृत्त_निदेशक

प्लगला नको. आताच्या चांगल्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, एनजीके स्वतः सांगते की लावू नका. ग्रीसने आटे निसरडे होतात आणि टॉर्क पान्यावर तोच आकडा दिसला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमीच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०, आणि हे कोरड्या आट्यांसाठी. गाडीच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. कॉइलच्या रबराच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा, पावसाळ्यात ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर प्लगला चिकटून फाटत नाही.

फोंड्याची_नर्सरीवाली

मी रोपांची गाडी चालवते, माझी सीएनजीवर आहे, ४० हजार झालेत. परवापासून चढावर झटके देते आणि चेक इंजिनची लाईट लागलेली नाही तर चक्क लुकलुकते. सर्व्हिसची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर चालवली तर चालेल का? आणि घरी प्लग बदलले तर वॉरंटीचं काय?

निवृत्त_निदेशक

ताई, लुकलुकणारी लाईट असेल तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. ती नुसती लागून राहिली तर बघू म्हणता येतं, लुकलुकते म्हणजे मिसफायर एवढा चाललाय की न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तो आतून वितळला तर प्लगच्या कितीतरी पट खर्च. चढ, भार टाळा आणि आज-उद्या दाखवा. तोवर पेट्रोलवर चालवून झटके कमी होतात का बघा. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून जो प्लग पेट्रोलवर चालून जातो तोच सीएनजीवर मिसफायर देतो, आणि प्लगची झीजही लवकर होते.

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या, बिल जपून ठेवा. वॉरंटी संपल्यावर घरी.

फोंड्याची_नर्सरीवाली

बदलून आले आजच. दोन नंबरच्या प्लगचं पोर्सेलिन तडकलेलं निघालं, उभी रेघ, त्याच्यावर काळी वाट पडलेली. पेट्रोलवर खरंच झटके नव्हते. देव बरें करूं.

पर्वरीचा_पोरगा

माझा प्रश्न कूलंटचा. गोव्यात पाणी गोठत नाही तर कूलंटवर पैसे कशाला? साधं डिस्टिल्ड पाणी घातलं तर?

साखळीचा_भाजीवाला

मीपण आधी असाच विचार करायचो. गोठण्याचा मुद्दा सोडून दे, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, आत ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ सगळं एकत्र आहे, नुसत्या पाण्याने ते एकमेकांना खातात. आणि उकळायचं तापमानही वाढतं, एक कूलंटमधल्या ग्लायकोलने आणि दुसरं रेडिएटरच्या झाकणाने, ते दाब धरून ठेवतं म्हणून पाणी १०० ला उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं तर दाब राहत नाही, म्हणून मी झाकणपण नवीन घेतलं. ५०-५० मिश्रण, डिस्टिल्ड पाण्यातच. आणि रंग बघून घेऊ नको, हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांचे रंग आहेत, रंग सारखा म्हणजे रसायन सारखं असं नाही. पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घे, दोन प्रकार मिसळू नको.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी लिहितो. आमच्या गावात एका माणसाचा गळा आणि छाती भाजलेली मी बघितली आहे, घाटात गाडी तापली म्हणून त्याने घाईत फडकं घेऊन झाकण फिरवलं.

केरीचा_कातकरी_नव्हे_शेतकरी

जुनं कूलंट कुठे टाकलं?

साखळीचा_भाजीवाला

हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस, मी लिहायला विसरलो होतो. एथिलीन ग्लायकोल विष आहे आणि चवीला गोड असतं, कुत्रं, मांजर, गुरं सहज चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. माझी बादली दहा मिनिटं उघडी होती तेवढ्यात आमचा कुत्रा वास घेत आला, भाच्याने ओरडून हाकलला. झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, वर मोठ्या अक्षरात विष लिहिलं, आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन दिलं. जमिनीवर सांडलेलं लाकडाचा भुसा टाकून उचललं. आपल्याकडे जांभा दगड, वर ओतलेलं खाली झिरपायला वेळ लागत नाही आणि विहीर घरापासून वीस पावलांवर. गटारात, भाटात, माडाच्या आळ्यात कुठेच ओतायचं नाही.

टिप्परवाले_काका

निदेशकसाहेब, बायपासची गोष्ट वाचून मला एक गाडी आठवली. आमच्या मालकाकडे नवी आलेली, तिचापण थर्मोस्टॅट आम्ही पहिल्याच वर्षी काढला, आणि तीच एकटी दर उन्हाळ्यात सारमानस जेटीच्या वाटेवर तापायची. दोनदा रेडिएटर साफ केला, वॉटर पंप बदलला, एकदा हेड गॅस्केट गेलं. वीस वर्षांनी आज कळतंय का ते. कुणीतरी तेव्हा सांगितलं असतं तर मालकाचा केवढा पैसा वाचला असता, आणि त्या ड्रायव्हरने ऐकून घेतलेली बोलणी पण.

बाळा, हवा कशी काढलीस ते लिहिलं नाहीस. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मध्ये लांब पाईप, अशा गाडीत तेच अवघड.

साखळीचा_भाजीवाला

काका बरोबर पकडलंत, तिथेच मी अडकलो होतो. पहिल्यांदा भरलं तेव्हा अडीच लिटरच गेलं, म्हणजे लिटरभर हवा आत. तसंच चालू केलं तर आकडा ९० च्या पुढे ९९ ला गेला, खालचा होज हाताला थंडच, मी लगेच बंद केली. आमच्या दारात चढ आहे, गाडी थंड झाल्यावर तिचं तोंड चढाकडे करून लावली म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच, हँडब्रेक आणि चाकांना दगड. झाकण उघडं ठेवून चालू केली, थंड असल्यापासून, आणि वरचा होज हाताने दाबत राहिलो, दाबला की बुडबुडे वर येतात, पातळी खाली जाते, परत भरायचं. ८२ च्या पुढे गेल्यावर एकदम भसकन मोठा बुडबुडा निघाला, पातळी वीतभर खाली, आणि दोन मिनिटांत खालचा होज गरम. तिथे कळलं की थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी फिरलं. काही गाड्यांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, असेल तर तो आधी शोधा, माझ्यापेक्षा लवकर होईल. थंड झाल्यावर परत बघितलं, अजून दोनशे मिली गेलं. एकूण साडेतीन झालं तेव्हाच सीट खाली घातली.

वास्कोचा_खारवी

आता घाटात आकडे काय येतात? आणि प्लग इरिडियम घातलेस की साधे?

साखळीचा_भाजीवाला

गणेश चवथीच्या गडबडीत लिहायला वेळ झाला नाही, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती) सामान, शहाळी, भाजी, दिवसाआड फेरी चालली होती. आज निवांत बसलोय.

इरिडियम घातले, पुस्तकात तेच आहेत. त्यांचं टोक केसासारखं बारीक, गॅप बघायला नाण्यासारखा गेज आत घालून दाबायचा नाही, टोक तुटतं, मी नुसता तारेच्या गेजने तपासला, चारही १.०५ च्या जवळ होते, हात लावला नाही. साधे निकेलचे स्वस्त पडतात पण लवकर बदलावे लागतात, आणि सीट उचलून हे सगळं परत परत करण्यापेक्षा मला हे बरे.

आकडे असे, चढावर ८८ ते ९१, माथ्यावर ८५, उतारावर भर पावसात ८२-८३, त्याच्या खाली एकदाही गेलं नाही. भाच्याने सगळं वहीत लिहून ठेवलंय. काटा मध्यावर. सकाळची थरथर गेली. ॲव्हरेज दोन टाक्या फुल करून मोजलं, साडेचौदा आणि पंधरा. दोन्ही कोड पुसले होते ते परत आले नाहीत. त्या फिटरला सगळे आकडे नेऊन दाखवले, त्याने जुना थर्मोस्टॅट हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि ठेवून घेतला, म्हणाला पोरांना दाखवतो.

काल १५०० किलोमीटर झाले म्हणून तीन नंबरचा प्लग काढून बघितला. काजळी नाही. पोर्सेलिनवर फिकट तपकिरी रंग चढलाय, भाजलेल्या काजूच्या आतल्या सालीसारखा. वायसर आता दबलेला आहे म्हणून परत बसवताना हाताने टेकवून फक्त एक द्वादशांश फेरा दिला, नव्याएवढा नाही. पहाटे तीनला निघायचंय, तिथून आल्यावर बाकीच्या तिघांचे फोटोपण टाकतो.